पसारा एका शास्त्राचा : फोर्टातला विभाग आणि परळच्या चाळी

समाजशास्त्र घेतलेल्या मुलाला किंवा मुलीला घरी एक प्रश्न हमखास ऐकावा लागतो : ‘त्यात असतं तरी काय?’ इतिहास म्हटला की राजे आणि लढाया, अर्थशास्त्र म्हटले की पैसा, मानसशास्त्र म्हटले की मन, अशी उत्तरे तयार असतात. समाजशास्त्राच्या विद्यार्थ्याला मात्र यादीच द्यावी लागते. कुटुंब, विवाह, जात, जमात, धर्म, खेडे, शहर, उद्योग, स्थलांतर, शिक्षण, आरोग्य, गुन्हेगारी, स्त्री-पुरुषसंबंध, प्रसारमाध्यमे. यादी लांबत जाते तसतसा ऐकणाऱ्याचा विश्वास उडत जातो. ज्यात सगळेच आहे त्यात धड काहीच नसणार, असा त्याचा हिशेब. शिवाय निम्म्या लोकांच्या मनात समाजशास्त्र आणि समाजकार्य यांची गल्लत असते, ती वेगळीच.

हा पसारा आला कुठून, याचे मुंबईपुरते उत्तर शोधता येते. भारतात समाजशास्त्राचा स्वतंत्र विद्यापीठीय विभाग पहिल्यांदा उभा राहिला तो मुंबईत, १९१९ साली. मी त्या विभागाचा विद्यार्थी नाही. बारावीनंतर नोकरीला लागलो आणि जे काही समाजशास्त्र शिकलो ते दादरच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात आणि फाउंटनच्या पदपथावर विकत घेतलेल्या जुन्या पुस्तकांतून. त्यामुळे विभागाचा इतिहास मी बाहेरून, आणि खरे सांगायचे तर लालबागहून, वाचला आहे. या वाचनातून एक गोष्ट मनात पक्की झाली. एखाद्या शास्त्राची रुंदी त्यातल्या विषयांच्या संख्येवरून कळत नाही. प्रश्न विचारणारे कुठून कुठून आले, यावरून ती कळते. फोर्टातला विभाग आणि चार-पाच मैलांवरचे गिरणगाव यांच्या शेजाराची गोष्ट म्हणूनच सांगण्याजोगी आहे.

वनस्पतिशास्त्रज्ञाचा वर्ग

विभागाचे पहिले प्राध्यापक पॅट्रिक गेडिस हे मूळचे जीवशास्त्राचे अभ्यासक. स्कॉटलंडमधील डंडी इथे ते वनस्पतिशास्त्र शिकवत. झाड समजून घ्यायचे तर माती, पाणी आणि आजूबाजूची झाडेही पाहावी लागतात. गेडिस शहराकडे त्याच नजरेने पाहत. स्थळ, काम आणि लोक या तिन्ही गोष्टी एकत्र पाहिल्याशिवाय माणसांचे जगणे कळत नाही, हे त्यांचे सूत्र होते. १९१४ साली ते नगररचनेचे प्रदर्शन घेऊन भारतात आले, इथल्या अनेक शहरांवर अहवाल लिहिले आणि १९१९ पासून मुंबईत शिकवू लागले. त्यांच्या विभागाच्या नावात समाजशास्त्राबरोबर नागरिकशास्त्रही होते.

त्या वेळची मुंबई अशा शिक्षकाला आयतीच प्रयोगशाळा होती. १८९६ साली प्लेग आला, त्यानंतर १८९८ साली इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. जुन्या वस्त्या पाडून रुंद रस्ते काढणे आणि चाळी बांधणे हे त्याचे काम. बीआयटी चाळी त्या या ट्रस्टच्या. वस्ती सरसकट पाडण्याला गेडिस यांचा विरोध होता. जेवढे अगदी बिघडले आहे तेवढेच काढा, बाकीचे दुरुस्त करा, असे ते सांगत. ते मुंबईत शिकवत होते त्याच वर्षांत सरकारच्या डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी इथे बीडीडी चाळी बांधल्या. एकूण २०७ इमारती, आणि खोली १६० चौरस फुटांची. गेडिस यांचे सूत्र लावून पाहावे अशी याहून चांगली जागा नव्हती : स्थळ परळ, काम गिरणीचे, लोक कोकण-घाटावरचे.

गेडिस १९२४ पर्यंत मुंबईत होते. ते शिक्षक म्हणून विस्कळीत होते, असे अनेकांनी लिहिले आहे. पण समोर दिसते ते सगळे अभ्यासाचा विषय होऊ शकते, ही सवय त्यांनी विभागाला लावली.

मालवणचे घुर्ये

त्यांच्या व्याख्यानांना बसणाऱ्यांत एल्फिन्स्टन कॉलेजात संस्कृत शिकवणारा एक तरुण होता. गोविंद सदाशिव घुर्ये यांचा जन्म १८९३चा, मालवणचा. त्यांनी गेडिस यांच्यासाठी मुंबई या शहरावरच निबंध लिहिला, आणि गेडिस यांच्या शिफारशीने ते इंग्लंडला गेले. केंब्रिजला रिव्हर्स या मानवशास्त्रज्ञाकडे त्यांनी काम सुरू केले. १९२२ साली रिव्हर्स अचानक वारले, तेव्हा हॅडन यांच्याकडे ते पुरे केले. १९२४ साली घुर्ये मुंबईच्या विभागात प्रमुख म्हणून आले आणि १९५९ साली निवृत्त होईपर्यंत, म्हणजे पस्तीस वर्षे, विभाग म्हणजे घुर्ये असे समीकरण राहिले.

समाजशास्त्राची यादी लांब का, याचे मोठे कारण हा एक माणूस आहे. कलकत्त्याला मानवशास्त्राचा विभाग वेगळा निघाला; मुंबईत घुर्ये यांनी जात, जमात, खेडे, शहर, धर्म अशी कप्पेबंदी केलीच नाही. त्यांच्या स्वतःच्या पुस्तकांवरून नजर फिरवली तरी हे दिसते. १९३२ साली जात आणि वंश यांवरचा ग्रंथ. १९३८ साली मुंबईतल्या मध्यमवर्गीयांच्या लैंगिक सवयींवर निबंध. र. धों. कर्वे यांचे ‘समाजस्वास्थ्य’ मासिक १९२७ पासून याच शहरातून निघत होते आणि त्यावर खटले होत होते, हे लक्षात घेतले म्हणजे विषयाचे धाडस कळते. पुढे १९५१ साली भारतीय वेशभूषा, १९५३ साली साधू, मग महादेव कोळी, भरतनाट्य, नगरे. १९६० साली त्यांनी पुण्याजवळच्या लोणी या गावावर पुस्तक लिहिले. थॉमस कोट्स या इंग्रज डॉक्टरने एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात त्याच गावाचे वर्णन करून ठेवले होते. सव्वाशे वर्षांनंतर ते गाव कसे आहे, हे घुर्ये यांनी पाहिले.

विद्यार्थ्यांचीही तीच तऱ्हा. इरावती कर्वे यांनी १९२८ साली घुर्ये यांच्याकडे चित्पावन ब्राह्मणांवर एम.ए.चा प्रबंध लिहिला. एम. एन. श्रीनिवास यांनी म्हैसूरकडील विवाह आणि कुटुंब, आणि मग कूर्ग. अ. र. देसाई हे मार्क्सवादी. वर्ग आणि उत्पादनसंबंध यांच्या भाषेत बोलणारे. त्यांनी भारतीय राष्ट्रवादाच्या सामाजिक पार्श्वभूमीवरचा प्रबंध लिहिला तोही घुर्ये यांच्याच मार्गदर्शनाखाली, आणि १९४८ साली तो ग्रंथरूपाने आला. गुरू संस्कृत ग्रंथांतून समाजाकडे पाहणारा, शिष्य मार्क्सच्या चष्म्यातून. तरी प्रबंध पुरा झाला. विद्यापीठाचे म्हणून जे काही मोठेपण असते ते मला यात दिसते.

पण रुंदी आली म्हणजे सगळ्या दिशा आल्या, असे नव्हे. घुर्ये यांची नजर बरीचशी ग्रंथांतून निघून लोकांकडे जाई. आदिवासी म्हणजे मागासलेले हिंदू, हे त्यांचे १९४३चे मत पुढच्या अभ्यासकांना पटले नाही, त्याचे कारण इथेच आहे. आणि मालवणच्या या प्राध्यापकाच्या ग्रंथांच्या लांबलचक यादीत एक पुस्तक नाही. मालवण-देवगडहून बोटीने येऊन परळच्या गिरणीत उभ्या राहिलेल्या माणसावरचे पुस्तक.

परळच्या बीआयटी चाळीतला अभ्यासक

जातीवर फोर्टात ग्रंथ लिहिला जात होता त्याच काळात जातीचा दुसरा एक अभ्यासक परळला पोयबावडीच्या बीआयटी चाळीत राहत होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि घुर्ये यांच्या वयात दोन-अडीच वर्षांचे अंतर, आणि दोघेही एल्फिन्स्टनचे विद्यार्थी. ९ मे १९१६ रोजी, म्हणजे मुंबईत विभाग निघण्याआधी तीन वर्षे, बाबासाहेबांनी कोलंबिया विद्यापीठात गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात भारतातील जातींवर निबंध वाचला. पुढच्या वर्षी तो ‘इंडियन अँटिक्वरी’त छापून आला. जातीचे मूळ पोटजातीतल्या विवाहबंधनात आहे, हा त्याचा गाभा. गोत्राबाहेर लग्न करणाऱ्या समाजावर जातीतच लग्न करण्याची सक्ती लादली, की नवरा मेल्यावर बाई ‘जास्तीची’ ठरते आणि बायको मेल्यावर पुरुष. सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह या त्या हिशेबाच्या सोयी आहेत, असे त्यांनी मांडले. जातीचा प्रश्न आणि स्त्रीचा प्रश्न एकच आहे, ही गोष्ट पंचविशीतल्या या विद्यार्थ्याने तेव्हा सांगितली होती.

घुर्ये यांनी १९३२च्या ग्रंथात जातिव्यवस्थेची सहा लक्षणे दिली. समाजाचे तुकडे, उच्चनीचता, खाण्यापिण्यावरची बंधने, नागरी व धार्मिक हक्कांतली विषमता, व्यवसायाच्या निवडीवरची बंधने आणि विवाहावरची बंधने. समाजशास्त्राचा विद्यार्थी ही यादी आजही पाठ करतो. आता तीच यादी घेऊन आपण गिरणीत जाऊ. विणकाम खात्यात धोट्यातली कांडी बदलताना नव्या धाग्याचे टोक धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून घ्यावे लागे. अस्पृश्याचे तोंड लागलेला धोटा आपण कसा तोंडाला लावायचा, असे म्हणून स्पृश्य कामगारांनी अस्पृश्यांना या खात्यात येऊ दिले नाही. आणि पगार अधिक तो याच खात्यात. १९२८च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न लावून धरला. खाणेपिणे, व्यवसाय, उच्चनीचता आणि हक्क अशी घुर्ये यांची चार लक्षणे एका लाकडी धोट्याच्या भोकात एकवटलेली आहेत. ज्याला ती तिथे दिसली त्याला ती परळने दाखवली होती.

त्याच्याही आधी, १९१८ ते १९२० या काळात, बाबासाहेब सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक होते. प्राध्यापकांसाठी ठेवलेल्या माठातले पाणी त्यांनी पिण्याला काही सहकाऱ्यांनी हरकत घेतली, असे धनंजय कीर यांनी चरित्रात नोंदवले आहे. फोर्टातल्या विभागाचा जन्म झाला त्या वर्षीच्या मुंबईत, एका कॉलेजच्या प्राध्यापकांच्या खोलीत, तिसरे लक्षण असे माठाशेजारी उभे होते.

विभागाने हा विषय टाळला असे मात्र म्हणता येणार नाही. जी. आर. प्रधान यांनी मुंबईतल्या अस्पृश्य कामगारांचा अभ्यास केला आणि १९३८ साली तो इंग्रजीत प्रसिद्ध झाला. विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी वह्या घेऊन वस्त्यांत जाण्याची परंपरा पुढे अ. र. देसाई यांच्या काळात झोपडपट्ट्यांच्या अभ्यासापर्यंत गेली. दुसरीकडे १९३६ साली नागपाड्याला समाजकार्याचे शिक्षण देणारी टाटांची संस्था सुरू झाली. समाज समजून घेणे फोर्टात आणि त्याला मदत करणे नागपाड्यात, अशी जणू वाटणी झाली. या दोन्ही ठिकाणी गिरणगावाचा माणूस येई तो उत्तर देणारा म्हणून.

घरात माणसे किती?

उत्तर देणे म्हणजे काय, ते मला ठाऊक आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला तेव्हा मी शाळेत होतो आणि वडील संपावर. पुढच्या एक-दोन वर्षांत आमच्या चाळीत फॉर्म घेऊन माणसे येऊ लागली. एकदा एक तरुण बाई आल्या. त्यांनी आईला विचारले, घरात माणसे किती? आई म्हणाली, ‘अकरा.’ बाईंनी खोलीभर पाहिले. ‘इथे राहता किती?’ ‘पाच इथं, सहा गावाला.’ बाईंनी ५ लिहिले. आई पुन्हा म्हणाली, ‘अवो बाई, चूल दोन असल्या तरी घर एकच हाय.’

समाजशास्त्राची पुस्तके वाचू लागलो तेव्हा मला कळले की आईचे म्हणणे या शास्त्रात आधीच आलेले होते. घुर्ये यांचेच विद्यार्थी आय. पी. देसाई यांनी गुजरातेतील महुवा या गावातल्या कुटुंबांचा अभ्यास केला. तो १९६४ साली पुस्तकरूपाने आला. एका छपराखाली राहणे आणि एका चुलीवर जेवणे एवढ्यावरून कुटुंब एकत्र की विभक्त ते ठरवू नये, परस्परांची कर्तव्ये, मिळकत आणि नाती पाहावीत, असा त्यांचा आग्रह होता. के. एम. कापडिया यांनीही नवसारीकडच्या कुटुंबांविषयी हाच विचार केला होता. १९८६ साली हेमलता दांडेकर यांनी साताऱ्याच्या सुगाव या गावावर इंग्रजीत पुस्तक लिहिले. पुरुष मुंबईला आणि बायका गावी, हे त्याचे सूत्र. आमच्या कुटुंबाचा जो अर्धा भाग फॉर्मवर मावला नव्हता तो तिथे होता : शेत सांभाळणारी, मनिऑर्डरची वाट पाहणारी, मुंबईच्या गिरणीला स्वस्त मजूर पुरवण्याचा अर्धा खर्च स्वतः सोसणारी बाई.

समाजशास्त्राच्या पसाऱ्याचे समर्थन मला यात सापडते. आईच्या एका उत्तरात कुटुंबाचा पेपर आहे, स्थलांतराचा आहे, शेतीचा आहे, उद्योगाचा आहे आणि स्त्री-अभ्यासाचाही. शास्त्र पसरट नाही. जगणे एकमेकांत गुंतलेले आहे. गावकीच्या खोलीत पाळीपाळीने झोपणारे वीस-वीस पुरुष, त्यांना जेवू घालणारी खानावळवाली, नोकरी लावून देणारा मुकादम, दर महिन्याची भिशी, तालीम, भजनी मंडळ, गणपतीची वर्गणी आणि युनियनची पावती, यांतला एक धागा ओढला तरी बाकीचे हलतात. खानावळवाल्या बाईचे काम हे ‘काम’ की ‘घरकाम’, हा प्रश्न घ्या. निरा देसाई यांच्या पुढाकाराने १९७४ साली चर्चगेटला एसएनडीटी विद्यापीठात स्त्री-अभ्यासाचे केंद्र सुरू झाले. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी गिरणगावातल्या खानावळवाल्यांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ काढले आणि त्यांना बँकेचे कर्ज मिळवून दिले. एकीकडे बाईचे श्रम मोजायचे कसे याचा अभ्यास सुरू झाला, दुसरीकडे बँकेने ते मोजले.

विचारणारे आणि सांगणारे

मराठीत समाजाचे वर्णन करण्याची परंपरा विभागापेक्षा जुनी आहे. गोविंद नारायण माडगांवकर यांचे ‘मुंबईचे वर्णन’ १८६३चे. त्रिंबक नारायण आत्रे यांचा ‘गावगाडा’ १९१५चा. बलुते-अलुत्यांचा एवढा बारीक हिशेब तोवर कोणी मांडला नव्हता. ना. गो. चापेकर यांचे ‘बदलापूर’ १९३३चे. यांपैकी कोणीही समाजशास्त्राची पदवी घेतलेली नव्हती. विद्यापीठातले समाजशास्त्र इंग्रजीतून वाढले, आणि इरावती कर्वे यांच्यासारखे थोडेच दोन्ही भाषांत सारख्याच ताकदीने लिहीत राहिले. याचा परिणाम असा झाला, की ज्यांच्यावर प्रबंध लिहिले गेले त्यांना ते वाचता आले नाहीत.

संप संपला, गिरण्या बंद पडल्या, चिमण्या थंडावल्या, त्यानंतर चित्र थोडे बदलले. मीना मेनन आणि नीरा आडारकर यांनी गिरणगावातल्या माणसांना त्यांची गोष्ट त्यांच्याच तोंडून सांगायला लावली. शंभर आवाजांचे ते इंग्रजी पुस्तक २००४ साली आले आणि पुढे मराठीतही. दोघींपैकी एक चळवळीतली, एक वास्तुविशारद. त्या पुस्तकात कामगार नुसते उत्तर देत नाहीत. ते आठवतात, वाद घालतात, पुढाऱ्यांना नावे ठेवतात, स्वतःच कारणे शोधतात. रकाने सैल केले तर माणसे किती बोलतात, हे कळण्यासाठी समाजशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याने ते वाचावे.

आज गिरणगावातल्या घराघरांत पदवीपर्यंत शिकलेली मुले आहेत. त्यांतली काही समाजशास्त्र घेतात. कोणी स्पर्धा परीक्षेसाठी, कोणी इतर काही मिळाले नाही म्हणून. त्यांच्या हाती वेळ थोडा आहे. वरळी, नायगाव आणि ना. म. जोशी मार्ग इथल्या बीडीडी चाळी पाडून मनोरे उभे राहत आहेत. नवी जागा मिळाल्याचा आनंद खरा आहे आणि तो कोणी हिणवू नये. १६० चौरस फुटांत तीन पिढ्या काढलेल्यांनाच तो कळतो. पण खोली रिकामी करताना माळ्यावरच्या ट्रंका उघडल्या जातात आणि रद्दीवाला खाली उभा असतो. गावकी मंडळाचे अहवाल, भिशीच्या वह्या, भाड्याच्या पावत्या, गिरणीचे पास, उत्सव मंडळाचे जमाखर्च, गावाहून आलेली पोस्टकार्डे. कोणत्याही विद्यापीठाच्या कपाटात नसलेले हे दफ्तर किलोच्या भावाने जाते.

एम.ए.च्या अभ्यासक्रमात संशोधनपद्धतीचा एक पेपर असतो. नमुना कसा निवडावा, प्रश्नावली कशी करावी, मुलाखत कशी घ्यावी, हे त्यात शिकवतात. परळ-लालबागच्या मुलामुलींना नमुना शोधायला कुठे जावे लागणार नाही. भिशीच्या वहीतली नावे जातीने, गावाने की खात्याने एकत्र आली होती? संपाच्या वर्षी कोणी हप्ता चुकवला आणि तो कोणी भरला? गणपतीच्या वर्गणीत बायकांची नावे कधीपासून येऊ लागली? हे प्रश्न घुर्ये यांना सुचले नसते आणि गेडिस यांना वाचता आले नसते, कारण वह्या मोडीमिश्रित मराठीत आणि त्यांतली माणसे टोपणनावांनी लिहिलेली आहेत. ‘तात्या रिंगवाला’ म्हणजे कोण, हे ज्या घरात ठाऊक आहे त्या घरातली मुलगी आता समाजशास्त्राच्या वर्गात बसली आहे. ट्रंक रद्दीत जाण्याआधी तिने ती उघडावी, आणि जे लिहील ते मराठीतही लिहावे.